सोबतिणीची मूठ

१

दसरा जवळ आला, की इरशादभाईच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. ऊसतोडीला निघायच्या आधी माणसं कोयते घ्यायला येतात, आणि बीडच्या बसस्टँडमागच्या त्या गल्लीत सकाळपासून ऐरणीचा ठणठणाट सुरू होतो. पुढं दुकान, मधे अंगण, मागं राहतं घर. घरात माणसं दोनच, इरशाद आणि त्याची लेक मेहेक. मेहेकची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

इरशाद दोन गोष्टींसाठी गावात ओळखला जायचा. एक म्हणजे त्याचा कोयता. साखर कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत धार सोडायचा नाही. आणि दुसरी म्हणजे हा माणूस तोंडानं एक आणि हातानं दुसरंच. "न्हाई परवडत, जावा दुसरीकडं," असं गिऱ्हाइकावर डाफरता डाफरता याचा हात कोयता कागदात गुंडाळत असायचा. मेहेक लहान असताना कुल्फी मागायची. "न्हाई म्हंजी न्हाई, घसा बसतो," असं दटावेपर्यंत हात खिशात गेलेला असायचा. पोरगी पक्की हुशार. अब्बाच्या तोंडाकडं बघायचंच नाही, हाताकडं बघायचं, असं ती मैत्रिणींना सांगायची.

दुकानाचा एक रिवाजही होता, त्याच्या आजोबापासून चालत आलेला. धारेची वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही. भुईवर ठेवायची, आणि घेणाऱ्यानं वाकून उचलायची. हातातून हातात पातं गेलं की माणसांत वैर येतं म्हणतात. शिरूर कासारहून येणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकांना हे सांगावं लागत नसे. इरशादनं कोयता भुईवर ठेवला, की ती आपोआप वाकायची.

एवढी अदब पाळणाऱ्या माणसाचं काय वाईट व्हायचं? पण ते त्या अदबीपायीच झालं.

२

त्या वर्षी एक वेगळंच काम आलं. गुरुजी म्हणून ज्यांना सगळं बीड ओळखतं, त्या सुंदररावांची लेक शिवकन्या कादंबऱ्या लिहायची. कुठल्या तरी नसलेल्या मुलखाच्या, राण्यांच्या, जादूच्या. कॉलेजातली पोरं त्या अधाशासारखी वाचायची आणि मेहेक तर त्यांच्यात सगळ्यात पुढं. शेवटचा भाग आता निघणार होता, गावातच कार्यक्रम होता, आणि स्टेजवर ठेवायला शिवकन्येला कादंबरीतली तलवार हवी होती.

"तलवार? न्हाई बाबा," इरशाद म्हणाला. "पोलीस मला आत घालतील, अन् तुमी बसाल त्याच्यावर पुस्तक लिहीत." म्हणता म्हणता त्याचा हात कोपऱ्यातला ट्रकच्या स्प्रिंगचा जुना पाटा चाचपत होता.

"धार नको, इरशादभाई. टोकही बोथट ठेवा. नुसती दिसायला हवी."

"नाव काय म्हणे हिचं?"

"सोबतीण," मेहेक आतून पळत येत म्हणाली. "अब्बा, मी सांगितलंतं की तुमाला! तिला भुईवर ठेवायचं नसतं. एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातातच द्यायचं. भुईवर ठेवली, की तिला वाटतं आपल्याला टाकून दिलं. मग ती आपला हात आपणच शोधती."

शिवकन्या कौतुकानं हसली. "ते प्रतीक आहे. सोबतीण म्हणजे जबाबदारी. एकदा घेतली की खाली ठेवता येत नाही, फार तर दुसऱ्याला देता येते."

"मला तसं न्हाई वाटत, मॅडम," मेहेक म्हणाली. "मला वाटतं ती एकटी हाय. म्हणून तिला सारखा कुणाचातरी हात लागतो."

शिवकन्येनं ते वाक्य वहीत टिपून घेतलं. लिहिणाऱ्यापेक्षा वाचणारं शहाणं निघालं, की असं होतं.

इरशादनं तलवार मन लावून केली. पाट्याचं पोलाद तापवून लांब ओढलं, धारेच्या जागी कड गोल ठेवली. मुठीला बाभळीचं लाकूड घेतलं, रंधा मारून सरळसोट केलं, नुसती कोपऱ्यांवरून कानस फिरवली. संध्याकाळी काम उरकलं, तेव्हा लेकीला दाखवायला म्हणून त्यानं हाक मारली आणि सवयीनं, काही विचार न करता, तलवार तिच्या पुढ्यात भुईवर ठेवली.

"अब्बा!" मेहेक ओरडली. मग दोघंही हसत सुटले.

"कादंबरीतला रिवाज कादंबरीत," इरशाद म्हणाला. "माझ्या दुकानात माझा."

मेहेकनं तिला हात लावला नाही. आपली पाळी कार्यक्रमात, स्टेजवर, मॅडमच्या हातातून, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. इरशादनं तलवार उचलून भिंतीच्या खिळ्याला टांगली.

३

सकाळी शिरूर कासारची भिवराबाई आली. सगळी हयात ऊस तोडण्यात गेलेली बाई, बोलणं कोयत्यासारखंच. दोन कोयते पारखून झाल्यावर तिची नजर भिंतीवर गेली. तिनं तलवार खाली न काढता नुसतं वाकून मुठीकडं पाहिलं.

"ही कुणाची हाय रं, इरशाद? लई वापरलेली दिसती."

"काल केलीय, मावशी. अजून ताजी हाय."

"मला शिकवतो व्हय? आरं, अशी मूठ व्हायला पाच-सात हंगाम लागत्यात." तिनं बोटानं दाखवलं. "हे बघ, इथं अंगठा बसतो. डावरं माणूस हाय. अन् हात बारका, बाईमाणसाचा."

इरशादनं मूठ खाली घेतली. काल रंधा मारलेलं लाकूड आता मऊ, काळपट, घामानं मुरलेलं लागत होतं. अंगठ्याला एक खळगा. बोटांना तीन. चौथ्या बोटाची जागा कोरी होती.

"करंगळी लावत न्हाई ती," भिवराबाई म्हणाली. "वाकत नसंल तिची."

तिनं कोयते उचलले, पैसे ठेवले आणि निघून गेली. इरशाद तलवार हातात घेऊन तसाच उभा राहिला. मेहेक चौथीत असताना दुकानाचं शटर तिच्या डाव्या हातावर पडलं होतं. हात बरा झाला, पण करंगळी सरळ राहिली ती राहिलीच. आणि मेहेक लिहायची, जेवायची, कंगवा फिरवायची ते सगळं डाव्या हातानं.

त्यानं स्वतःला समजावलं. ओलं लाकूड असेल, भट्टीच्या धगीनं आवळलं असेल. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हाताळलं असेल. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते काही खोटं नाही. त्यानं रंधा काढला, मूठ पुन्हा साफ सरळ केली, वर तेलाचा हात दिला आणि कामाला लागला.

दुपारी जेवायच्या आधी सहज बघितलं, तर खळगे परत आलेले. जरा जास्तच खोल.

४

जेवताना मेहेक उजव्या हातानं घास घेत होती.

"डाव्याला काय झालं?"

"मुंग्या आल्यात. झोपेत अंगाखाली गेला असंल."

"बघू."

"काही न्हाई अब्बा, जेवा तुमी."

त्यानं हात ओढूनच घेतला. तळव्यावर घट्टे होते. पिवळे, कडक, बोटांच्या मुळाशी रांगेनं. ऊसतोडीच्या बायांच्या हातावर असतात तसे. या पोरीनं पेनापेक्षा जड काही कधी धरलेलं नव्हतं.

"कशानं झालं हे?"

"मला काय माहीत!" मेहेक चिडून म्हणाली, आणि मग एकदम रडवेली झाली. "अब्बा, मला खरंच माहीत न्हाई. सकाळी उठले तर होतं."

"तू त्या तलवारीला हात लावलातास का?"

"तुमची शपथ, न्हाई."

मेहेक खोटी शपथ घेणारी पोर नव्हती. इरशाद तोंडानं म्हणाला, "काही न्हाई, ॲलर्जी असंल, उद्या डॉक्टरकडं जाऊ," आणि हातानं तिच्या तळव्यावर खोबरेल चोळत बसला. घट्टे चोळता चोळता त्याच्या लक्षात आलं, की तळवा गरम आहे आणि दुसरा हात गार.

जेवण झाल्यावर मेहेक आडवी झाली. वीज गेलेली, पंखा बंद, बाहेर ऊन रणरणत होतं. अंगणात कावळासुद्धा ओरडत नव्हता. इरशाद पाण्याचा तांब्या ठेवायला तिच्या उशाशी गेला. ती गाढ झोपली होती. डावा हात चादरीवर होता आणि मूठ आवळलेली होती, पण पुरती मिटलेली नव्हती. बोटं आणि तळवा यांच्यात एक पोकळी होती, जशी दांडा धरल्यावर असते. करंगळी तेवढी सरळ होती.

तो वाकला. त्या पोकळीतून पलीकडची चादर स्वच्छ दिसत होती. त्यात काहीच नव्हतं. उगाच आपल्या डोक्याला ताप, असं मनात म्हणत त्यानं तर्जनी पुढं केली आणि हळूच त्या पोकळीत घातली.

बोट अडलं.

आत लाकूड होतं. गुळगुळीत, कोमट, जरा घामट. डोळ्यांना पलीकडची चादर दिसत होती, आणि बोटाला बाभळीचं लाकूड लागत होतं. तलवार अंगणापलीकडं, दुकानाच्या भिंतीवर, खिळ्याला होती. हा तिला आत्ताच बघून आला होता.

५

इरशाद दुकानात आला तो थेट भट्टीकडं. कोळसा पेटलेलाच होता. लाकूड आहे, जळेल, दुसरं काय. त्यानं तलवार पात्याकडून धरली आणि मूठ निखाऱ्यांकडं नेली. निखाऱ्याला लागलीही नसेल.

आतून मेहेकची किंकाळी आली.

तो तलवार हातातच घेऊन धावला. मेहेक उठून बसली होती आणि डावा हात छातीशी धरून हुंदके देत होती. "भाजलं, अब्बा, भाजलं!" तळव्याच्या कडेची कातडी लाल झाली होती. तिच्या आसपास चूल नव्हती, चहा नव्हता, काही नव्हतं.

"स्वप्न पडलं असंल," इरशाद म्हणाला. त्याला स्वतःचा आवाज परका वाटला. त्यानं तिच्या हाताला गार पाणी लावलं, शेजारणीला हाक मारून तिच्याजवळ बसवलं, तलवार पोत्यात गुंडाळली आणि गुरुजींच्या घराकडं रिक्षा केली.

रिक्षात बसल्यावर त्याचं डोकं चालायला लागलं. या वस्तूला आपण भुईवर ठेवलं. हिनं लेकीचा हात धरला. बरं. पण ही हातातून हातात देता येते, हेही त्याच पुस्तकात आहे ना? ज्या बाईनं ही लिहिली, तिच्या हातात दिली की सुटलो. ज्याचं त्याला. यात काय चुकलं? इरशादला हायसं वाटलं. चऱ्हाटा रस्त्याच्या वळणापर्यंत त्याला अगदी हायसं वाटत होतं.

६

शिवकन्या भाजी करता करता उठून आली. ओसरीवर खुर्चीत सुंदरराव गुरुजी बसले होते. "या, या इरशादभाई. झाली का तलवार? आमच्या लेकीनं लई डोकं खाल्लं असंल तुमचं."

"न्हाई गुरुजी. असं काय बोलता." इरशाद उभाच होता. त्यानं शिवकन्येला विचारलं, "मॅडम, ती ज्या पोरीचा हात धरती, तिचं शेवटी काय होतं?"

"अरे वा, तुम्ही पण वाचताय? ते शेवटच्या भागात आहे."

"सांगा की."

त्याच्या आवाजात काहीतरी असावं. शिवकन्येचं हसू कमी झालं. "ती पोर हळूहळू आपली राहत नाही. आधी हात जातो. म्हणजे तुटत नाही हो, जागच्या जागीच असतो, पण तिचा नसतो. तलवार म्हणेल तसं करतो. मग बाकीची जाते. शेवटी असं वाटतं, की माणसानं तलवार धरलेली नाही, तलवारीनंच माणूस धरलाय. प्रतीक आहे. जबाबदारी माणसाला खाऊन टाकते, असं."

"यातून सुटायचा रस्ता?"

"दुसऱ्या कुणीतरी आपल्या राजीखुशीनं तिच्या हातातून घ्यायची."

इरशादनं पोतं सोडलं. शिवकन्येनं मूठ बघितली आणि तिचे डोळे चमकले. "किती जुनी वाटते! कशी केलीत ही?" तिनं पदराला हात पुसला. "खाली नका ठेवू. माझंच पुस्तक, मीच नियम पाळायला हवा. द्या हातात."

तिनं हात पुढं केला. बोटांना हळद लागली होती. इरशादचा हात पुढं झाला, अर्ध्यावर आला. आणि त्याला गुरुजी दिसले. म्हातारा खुर्चीत पुढं झुकून लेकीकडं बघत होता, चेहऱ्यावर नुसतं कौतुक. आपण कुल्फी खाणाऱ्या मेहेककडं असंच बघायचो, हे इरशादला आठवलं.

दुसऱ्याच्या लेकीच्या हातात कशी द्यायची? अल्लाला काय तोंड दाखवायचं?

"मूठ सैल हाय," तो म्हणाला आणि तलवार मागं घेतली. "घट्ट करून आणतो."

"अहो, पण रविवारी कार्यक्रम—"

"आणतो म्हणलं ना!" तो गुरुजींच्या दारात पहिल्यांदाच ओरडला, आणि वळला.

घरी दिवेलागण झाली होती. मेहेक तापानं ग्लानीत होती. शेजारीण म्हणाली, डाव्या हातानं मघापासून भिंतीवर वार करतेय, धरला तर धरवत नाही. भिंतीच्या चुन्यावर आडवे चरे होते. इरशादनं शेजारणीला घरी पाठवलं, मेहेकच्या पलंगावर बसला आणि तलवारीची मूठ आपल्या डाव्या हातात घेतली. एकेक बोट तिच्या खळग्यात बसवलं. खळगे त्याच्या बोटांना अपुरे पडत होते. दुसऱ्या हातानं त्यानं मेहेकची आवळलेली मूठ धरली.

"दे, बेटा," तो म्हणाला. "माझ्या हातात दे. मी घेतो. माझ्या खुशीनं घेतो."

बराच वेळ काही झालं नाही. मग मेहेकची मूठ सुटली, एकेक बोट करून. आणि इरशादच्या तळव्याखाली लाकूड जरासं हललं, झोपेतलं माणूस कूस बदलतं तसं, आणि नीट बसलं.

त्याला रडू कोसळलं. जन्मभर कोयतेच धरले, आता ही धरू. धरून बसायला काय लागतं?

७

सकाळी ऊन अंगणात आलं, तेव्हा इरशाद दुकानाच्या पायरीवर बसला होता. तलवार मांडीवर, डाव्या हातात मूठ. त्यानं सहज बोटं उघडायला बघितली होती. ती उघडली नव्हती. मुठीवर आता बोटांचे चार खळगे होते, मोठे, त्याच्या बोटांच्या मापाचे. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा समाधान जास्त होतं.

"अब्बा! बघा!" मेहेक चहाचे कप घेऊन आली, दोन्ही डाव्या हातात, मिरवत. ताप उतरलेला, चेहरा धुतलेला. तळवा तिनं उघडून दाखवला. घट्टे नव्हते, लाली नव्हती. नुसता पोरीचा तळवा, करंगळी सरळ. "मुंग्या पण न्हाईत. रात्री लई छान झोप लागली."

"शाबास," इरशाद म्हणाला. त्याला तिचा मुका घ्यावासा वाटला.

"अन् तुमी हिला घेऊन का बसलाव? मूठ बसवत होता का? अगं बाई, काय सुरेख केलीय!" ती कप पायरीवर ठेवून जवळ आली. "हात भरून आला असंल. द्या इकडं. मी धरते जरा, तुमी चहा घ्या."

"न्हाई," इरशाद म्हणाला.

"द्या ओ."

"न्हाई म्हंजी न्हाई. हात लावू नको. मेहेक, ऐक माझं, लांब हो."

हे सगळं तो बोलला, नीट, मोठ्यानं. आणि त्याच वेळी त्याला खांद्यापासून खाली काहीच जाणवेनासं झालं. त्यानं मान वळवून बघितलं. त्याचा डावा हात मांडीवरून उठला होता. तलवार सावकाश फिरली, पातं त्याच्याकडं झालं आणि मूठ पुढं, मेहेककडं. इतक्या अदबीनं त्यानं आजवर कुणाला काही दिलं नव्हतं.

"घेऊ नको!" इरशाद ओरडला. "तुला माझी शपथ हाय, घेऊ नको!"

मेहेकनं अब्बाच्या तोंडाकडं बघितलं आणि मग हाताकडं. मग ती हसली, लहानपणी कुल्फीच्या वेळी हसायची तशी, आणि तिनं डावा हात पुढं केला.